खिडकीपलीकडची भाषा
सीमाभागातील माणूस बँक कशी निवडतो, आणि त्या निवडीची किंमत काय?

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की उचगावचा फाटा आणि तुरमुरी मागे टाकून बाची लागते. बाचीच्या पुढे शिनोळी. बाची बेळगाव तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दोन्ही गावांची बोली मराठी, दोन्हीकडे सोयरसंबंध, आणि मोठा बाजार दोघांनाही बेळगावचाच. पण या दोन गावांतील दोन शेतकरी एकाच राष्ट्रीयीकृत बँकेच्या आपापल्या बाजूच्या शाखेत गेले, तर एकाला मराठीत छापलेली स्लिप मागता येते आणि दुसऱ्याला येत नाही. बँक तीच, व्याजाचा दर तोच, रिझर्व्ह बँकेचा नियमही तोच. बदलतो तो नियमातील दोन-तीन शब्दांचा अर्थ. ते शब्द आहेत, ‘संबंधित प्रादेशिक भाषा’.

सीमाप्रश्नाची चर्चा आपण नेहमी शाळा, पाट्या, उतारे आणि सरकारी कागद यांच्या संदर्भात करतो. ती करायलाच हवी. पण महिन्यातून दोनदा तरी ज्या दारात प्रत्येक घरातील कोणी ना कोणी उभे राहते, त्या बँकेच्या दाराकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तिथे भाषेचा प्रश्न अस्मितेपुरता राहत नाही; तो थेट घामाच्या पैशाचा होतो. म्हणून आज त्याविषयी.

गिऱ्हाईक नक्की काय पाहते?

बँक निवडताना गिऱ्हाईक काय पाहते, याची यादी बँकेत नोकरी केलेल्या कोणालाही तोंडपाठ असते. शाखा घरापासून किती लांब आहे, ठेवीवर व्याज किती आणि कर्जावर किती, खात्यात किमान किती रक्कम ठेवावी लागते, पैसे काढायला किती वेळ मोडतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, पाहुण्यांचे खाते कुठे आहे. या यादीत भाषा सहसा नसते. ज्याची भाषा खिडकीपलीकडे बोलली जाते त्याला ती अडचण म्हणून कधी जाणवतच नाही. मग ती यादीत येणार कशी?

आता व्याजाचेच पाहा. बचत खात्यावरील व्याजाचा दर ऑक्टोबर २०११ पर्यंत रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे. म्हणजे कोणत्याही बँकेत गेले तरी बचतीला व्याज सारखेच. त्यानंतर बँकांना मोकळीक मिळाली. तरी मोठ्या सरकारी बँकांच्या दरांत सामान्य खातेदाराला जाणवेल असा फरक क्वचितच असतो. पाच-दहा हजारांची शिल्लक ठेवणाऱ्या माणसाला पाव टक्क्याने वर्षाला पंचवीस रुपयांहून अधिक मिळत नाहीत. तेवढ्यासाठी कोणी बँक बदलत नाही. मालाचा भाव सगळीकडे सारखा असला की गिऱ्हाईक दुकानदाराचा स्वभाव पाहून दुकान निवडते, तसेच इथेही होते. खिडकीपलीकडचा माणूस कसा बोलतो, काय बोलतो आणि कोणत्या भाषेत बोलतो, यावर बरेचसे ठरते.

सीमाभागातील खेड्यात तर हे फारच खरे आहे. येळ्ळूर, कडोली, बेळगुंदी किंवा खानापूर तालुक्यातील एखाद्या गावची मराठी शाळेत चौथी-सातवी शिकलेली बाई बँकेत जाते, तेव्हा तिच्यापुढे कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांची स्लिप येते. अक्षरओळख असूनही ती तिथे निरक्षर ठरते. मग ती रांगेतील एखाद्या पोराला म्हणते, ‘बाळा, एवढी स्लिप भरून दे रे.’ त्या पोराला तिचा खाते क्रमांक कळतो, ती किती पैसे काढते तेही कळते. ज्या बाईने घरात सासूलाही आपल्या शिल्लकीचा आकडा सांगितला नसेल, तिला तो अनोळखी मुलापुढे उघड करावा लागतो. एकदा असा अनुभव आला की दुसऱ्यांदा ती दुसरी जागा शोधते, जिथे असे मिंधे व्हावे लागत नाही.

कर्नाटकात ३० ऑगस्ट २०२३ रोजी गृहलक्ष्मी योजना सुरू झाली आणि कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात महिना दोन हजार रुपये जमा करण्याचे ठरले. त्यासाठी आधार जोडलेले खाते हवे. त्याआधी ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजनेने खेड्यापाड्यांत खाती उघडली होतीच. या दोन्हींमुळे पूर्वी कधी बँकेची पायरी न चढलेल्या हजारो स्त्रिया खिडकीपुढे आल्या. पैसे आले का, आले नसतील तर का नाही, आधार जोडले गेले आहे की नाही, हे प्रश्न त्यांना विचारायचे असतात. प्रश्न त्या मराठीत विचारतात. उत्तर कळले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा आणि पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडते.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेसंबंधी दिलेल्या सूचना स्पष्ट आहेत. शाखेतील फलक, खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्या-काढण्याच्या स्लिपा, पासबुक ही सामग्री इंग्रजी, हिंदी आणि संबंधित प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत असावी. धनादेश हिंदी आणि इंग्रजीत छापावेत. पण खातेदाराला तो हिंदी, इंग्रजी किंवा संबंधित प्रादेशिक भाषेत लिहिता यावा. हेतू चांगला आहे. पण ‘संबंधित प्रदेश’ याचा अर्थ व्यवहारात ‘राज्य’ असा घेतला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, त्या दिवशी ज्या बाजूला गाव पडले त्या बाजूची राजभाषा ही त्या गावाची ‘प्रादेशिक भाषा’ झाली. गावात प्रत्यक्षात कोणती भाषा बोलली जाते, हे नियम विचारत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सुमारे १८ ते १९ टक्के आहे. हा संपूर्ण जिल्ह्याचा हिशेब झाला. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील कित्येक गावांत मराठी हीच बहुसंख्यांची भाषा आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणाची योजना केंद्राने आणि राज्यांनी मान्य केली आहे, तिच्यात १५ टक्क्यांचा निकष आहे. एखाद्या भागात तेवढे लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे ती सांगते. पण ही जबाबदारी राज्य शासनाच्या कारभारावर आहे. बँक म्हणते, आम्ही राज्य शासन नव्हे. राज्य शासन म्हणते, बँक आमच्या अखत्यारीत नाही. दोघांच्या मध्ये गिऱ्हाईक उभे राहते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात किंवा सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट भागात कन्नड बोलणारी गावे आहेत. तिथल्या शेतकऱ्याची ‘संबंधित प्रादेशिक भाषा’ मराठी ठरते आणि त्याचीही तशीच तारांबळ उडते. मार्च २०२५ च्या अखेरीस गुढीपाडव्यानंतर महाराष्ट्रात बँकांमध्ये मराठीच्या वापरासाठी आंदोलन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात बेंगळूरजवळ आनेकल तालुक्यातील एका बँक शाखेत अधिकाऱ्याने गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलण्यास नकार दिल्याचे चित्रण सर्वत्र पसरले. खुद्द मुख्यमंत्र्यांनी त्याचा निषेध केला आणि त्या अधिकाऱ्याची बदली झाली. म्हणजे बेंगळूरच्या कन्नड माणसाला जे टोचते, तेच बेळगुंदीच्या मराठी माणसाला टोचते. आपली तक्रार कन्नड भाषेविरुद्ध नाही. आपल्याच ठेवी ज्या बँकेत आहेत, तिने आपल्याला कळेल असे बोलावे, एवढीच ती आहे. आणि ही मागणी बेंगळूरला रास्त असेल तर बाचीलाही रास्त आहे.

दारात येणारी बँक

भाषेच्या आणि ओळखीच्या जोरावर बँक कशी वाढते, याचे उत्तम उदाहरण कर्नाटकातलेच आहे. १९२५ साली उडुपीला स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव योजना सुरू केली. रोज दोन आणे जरी शिल्लक पडले, तरी बँकेचा माणूस दारात येऊन ते घेऊन जाई. ‘पिग्मी’ हा शब्द पुढे आपल्या बोलीतच मुरला. आज बेळगाव, निपाणी, खानापूरच्या बाजारपेठेत भाजीवाल्या बाईपासून सोनारापर्यंत कोणालाही विचारा, पिग्मी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या योजनेचे बळ व्याजात नव्हते. ते पिग्मी गोळा करणाऱ्या माणसात होते. तो गल्लीतला, ओळखीचा आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलणारा असे. लोकांनी बँकेवर विश्वास ठेवला त्याआधी त्या माणसावर ठेवला.

परमुलखात राहिलेल्या मराठी माणसाला तर हा धडा फार पूर्वी कळला होता. १८८९ साली बडोदे संस्थानात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. देशातील नागरी सहकारी पतव्यवहाराचा आरंभ बहुधा तिथूनच झाला, असे मानले जाते. सहकाराचा कायदा आला तो नंतर, १९०४ मध्ये. आणि १९०५ साली त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पहिली सहकारी पतसंस्था स्थापन झाली. एकमेकांना ओळखणारी माणसे एकत्र येतात, आपापली शिल्लक एका पेटीत टाकतात आणि गरजवंताला कर्ज देतात. या कल्पनेच्या मुळाशीच ‘आपला माणूस’ आहे.

बेळगाव परिसरात मराठा बँक, पायोनियर बँक यांच्यासारख्या सहकारी बँका आणि असंख्य पतसंस्था याच वाटेने उभ्या राहिल्या. दुसरीकडे, मराठी गिऱ्हाइकाला घरच्यासारख्या वाटणाऱ्या कित्येक जुन्या बँका एकामागून एक मोठ्या बँकांत मिसळून गेल्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत समाविष्ट झाली. ग्रामीण बँकांचेही तेच. आपल्या भागातील मलप्रभा ग्रामीण बँकेची कर्नाटक विकास ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ पासून तीही राज्याच्या एकाच कर्नाटक ग्रामीण बँकेत आली. प्रत्येक विलीनीकरणामागे हिशेबाची कारणे असतात आणि ठेवीदाराचे पैसे त्यात बुडत नाहीत. पण बदल्यांचा पट्टा मोठा होतो. बळ्ळारीचा किंवा थेट बिहारचा तरुण अधिकारी खानापुरात येतो. तो हुशार असतो, प्रामाणिक असतो. पण गिऱ्हाइकाशी त्याचे बोलणे होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच बँकांच्या संघटनेच्या वार्षिक सभेत, स्थानिक भाषा बोलणारी माणसे शाखेत असली पाहिजेत, असे बँकांना सुनावले होते. म्हणजे दुखणे सगळ्यांना ठाऊक आहे.

या दुखण्याचा परिणाम असा, की खेड्यातील मराठी माणूस सरकारी बँकेत अनुदान येण्यापुरते खाते ठेवतो, आणि स्वतःची खरी शिल्लक, म्हणजे रताळ्यांचे, उसाचे, काजूचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली पुंजी, मराठी बोलणाऱ्या पतसंस्थेत नेऊन ठेवतो. तिथे त्याला ‘या पाटील, बसा’ म्हणणारे कोणीतरी असते. त्यात गैर काहीच नाही. पण इथेच सावध व्हायला हवे.

आपली भाषा म्हणजे सुरक्षितता नव्हे

‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ हे शब्द आपण बोलताना सरमिसळ वापरतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बँक मग ती सरकारी असो, खासगी असो, ग्रामीण असो वा सहकारी, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना किंवा मान्यता लागते, आणि तिच्यातील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ही विम्याची व्यवस्था १९६२ मध्ये सुरू झाली तेव्हा मर्यादा दीड हजार रुपयांची होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. एका बँकेत एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत सुरक्षित. त्याचा हप्ता बँक भरते; ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर बँकेवर निर्बंध आले तरी साधारण नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळावी, अशी तरतूद झाली.

पतसंस्थेला यातले काहीही लागू नाही. ती महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असो, कर्नाटकाच्या १९५९ च्या कायद्याखाली असो, १९९७ च्या सौहार्द कायद्याखालील असो, किंवा २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली दिल्लीत नोंदलेली असो. कार्यालय कितीही चकचकीत असो, संचालक कितीही थोर असोत, विमा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठीच जाहीर इशारा दिला होता. काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ शब्द वापरतात आणि सभासद नसलेल्यांकडून किंवा नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात. त्यांना परवाना नाही आणि विम्याचे संरक्षणही नाही, असे तिने बजावले होते.

हे पुस्तकी ज्ञान नव्हे. सहारा समूहाशी संबंधित चार बहुराज्य सहकारी संस्थांत देशभरातील छोट्या ठेवीदारांनी पैसे ठेवले होते. ते परत मिळावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि मार्च २०२३ च्या आदेशानंतर त्याच वर्षी जुलैत परताव्याचे अर्ज घेण्याची व्यवस्था करावी लागली. त्या ठेवी गोळा करणारेही बहुतेक ठिकाणी गावातले, ओळखीचे, त्या त्या भाषेत बोलणारेच होते. उलट गोव्यात एप्रिल २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि जुलै २०२१ मध्ये मडगाव अर्बन या सहकारी बँकांचे परवाने रद्द झाले. ठेवीदारांना मनस्ताप झाला, तिष्ठत राहावे लागले. पण त्या बँका असल्याने पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार होता. फरक इथे आहे.

याचा अर्थ पतसंस्थांवर बहिष्कार टाका, असा मुळीच नाही. गावाच्या अडीनडीला, दवाखान्याला, बियाणांना धावून येणाऱ्या कित्येक पतसंस्था नेकीने चालल्या आहेत आणि त्यांच्याशिवाय सावकाराचे फावले असते. पण सभासद म्हणून थोडी ठेव ठेवणे वेगळे आणि आयुष्याची सगळी पुंजी एका पेटीत टाकणे वेगळे. जी संस्था आपली भाषा बोलते तिला प्रश्न विचारणे उलट सोपे असते. ताळेबंद दाखवा, लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला ते सांगा, थकबाकी किती आहे सांगा. हे प्रश्न मराठीत विचारता येतात आणि उत्तरही मराठीतच मिळते. तरीही आपण ते विचारत नाही. ‘आपलीच माणसे आहेत, कसे विचारायचे?’ असा संकोच धरतो. परक्या भाषेपुढे आपण अज्ञानाने गप्प बसतो आणि आपल्या भाषेपुढे भिडेने. नुकसान दोन्हीकडे आपलेच.

कर्जाचा कागद मराठीत मागा

ठेवीइतकाच नाजूक व्यवहार कर्जाचा. पंचवीस-तीस पानी इंग्रजी करारावर, ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत सही किंवा अंगठा घेतला जातो, हे सर्वांच्या ओळखीचे चित्र आहे. इथे मात्र नियम अलीकडे बदलला आहे, आणि तो सीमाभागातील प्रत्येक घराला माहीत असायला हवा.

१५ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला एक तथ्यपत्रक द्यावे लागते. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सगळा खर्च धरून कर्जाचा वार्षिक दर किती पडतो, हप्ते किती, वसुलीचे नियम काय, तक्रार कोठे करायची, हे त्यात थोडक्यात असते. त्या पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पत्रक ‘कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत’ असले पाहिजे, त्यातील मजकूर त्याला समजावून दिला पाहिजे आणि समजल्याची पोच घेतली पाहिजे. हा नियम बँकांना आहे, तसाच कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांनाही आहे.

शब्द नीट पाहा. इथे ‘संबंधित प्रादेशिक भाषा’ असे म्हटलेले नाही. ‘कर्जदाराला समजणारी भाषा’ असे म्हटले आहे. जून २०२५ च्या सोनेतारण कर्जाच्या निर्देशांतही, त्या भागाची भाषा किंवा कर्जदाराने निवडलेली भाषा वापरावी, असे सांगितले आहे. कर्जदार निरक्षर असेल तर अटी समजावताना बँकेचा नोकर नसलेला साक्षीदार हजर असावा, अशीही त्यात अट आहे. स्लिपेची भाषा राज्याच्या सीमेने ठरते, पण या कागदाची भाषा कर्ज घेणाऱ्या माणसाने ठरते. १९५६ पासून ज्या सीमेने आपला पिच्छा पुरवला आहे, ती निदान या एका कागदापुरती तरी आडवी येत नाही. घरासाठी, दुचाकीसाठी कर्ज काढताना किंवा दागिने तारण ठेवताना ‘हे पत्रक मला मराठीत द्या’ एवढे एक वाक्य म्हणायचे आहे. ते म्हटले नाही तर इंग्रजी कागदावर ‘मला समजले’ अशी सही होऊन जाते. आणि पुढे वाद झाला तर तीच सही आपल्याविरुद्ध उभी राहते.

बँकेने ऐकले नाही तर? आधी शाखेकडे आणि मग बँकेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत टपालाने येणाऱ्या तक्रारी चंदीगड येथील केंद्रात घेतल्या जातात, आणि त्या कोणत्याही भाषेत चालतात. म्हणजे मराठीतही. साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, खाते क्रमांक, तारीख आणि आधी केलेल्या तक्रारीची प्रत जोडून पाठवावी. पतसंस्थेविरुद्ध मात्र या लोकपालाकडे जाता येत नाही. तिथे सहकार निबंधकाचे दार.

आपल्या हातात काय आहे?

काही गोष्टी मागून मिळवायच्या आहेत आणि काही आपणच करायच्या आहेत. देवनागरीचेच पाहा. इंदूर-ग्वाल्हेरचा मराठी माणूस बँकेत अडत नाही, कारण हिंदी स्लिप देवनागरीत असते आणि ती त्याला वाचता येते. आपल्याकडच्या स्लिपेवरही हिंदीचा रकाना असतो. नाव, रक्कम, तारीख देवनागरीत लिहिली, तर हिंदी जाणणाऱ्या कारकुनाला ती वाचता येत नाही असे म्हणता येणार नाही. ‘पाच हजार’ आणि ‘पांच हज़ार’ यांत एका अनुस्वाराचा आणि एका नुक्त्याचा फरक आहे. सही तर कोणत्याही लिपीत चालते. शाळेतल्या गुरुजींनी आणि महिला मंडळांनी एक दुपार काढून बायकांकडून चार स्लिपा भरून घेतल्या, तर रांगेतल्या पोराची मनधरणी करण्याची वेळ येणार नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू वाटेल. सरकारी बँकांच्या कारकून भरतीत उमेदवार ज्या राज्यासाठी अर्ज करतो, त्या राज्याची भाषा त्याला येते की नाही, याची चाचणी होते. मराठी माध्यमात शिकलेला आपला मुलगा गणितात, इंग्रजीत पुढे असतो आणि कन्नड लिहिता-वाचता न आल्याने मागे राहतो. मराठी टिकवायची म्हणून कन्नड टाळली, तर खिडकीपलीकडची खुर्ची कायमची दुसऱ्याची होते. जो कन्नडची चाचणी उत्तीर्ण होईल आणि खुर्चीवर बसून आपल्या आजीशी मराठीत बोलेल, असा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावातून निघाली, तर दहा निवेदनांनी होणार नाही एवढे काम होईल. कन्नड शिकल्याने मराठी बुडत नाही. उलट मराठी गिऱ्हाइकाला माणूस मिळतो. गावातल्या बँकमित्राच्या नेमणुकीच्या वेळीही हाच विचार ग्रामपंचायतीने बँकेपुढे मांडावा.

बँकांनीही आपला फायदा ओळखावा. ज्या ठेवी आज मराठी बोलणाऱ्या पतसंस्थांकडे जातात, त्या सरकारी बँकांना हव्या आहेत. त्यांच्याच मोबाईलवरील ॲपमध्ये ‘भाषा निवडा’ म्हटले की मराठीचा पर्याय अनेकदा दिसतो. फोन बाचीत आहे की शिनोळीत, हे ते विचारत नाही. जे यंत्राला जमते ते छापील स्लिपेला आणि एका स्टुलावर बसवलेल्या मदतनिसाला जमू नये, याला कारण नाही.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर दर महिन्याला आपल्याला बँकेत जायचेच आहे. तेव्हा पुढच्या वेळी पासबुक पिशवीत टाकताना दोन प्रश्न बरोबर घ्यावेत. सरकारी बँकेच्या खिडकीवर विचारावे, ‘हे मला मराठीत सांगाल का?’ आणि मराठी बोलणाऱ्या पतसंस्थेच्या खिडकीवर विचारावे, ‘माझ्या ठेवीला विमा आहे का?’ पहिला प्रश्न विचारायला आपण लाजतो आणि दुसरा विचारायला कचरतो. दोन्ही विचारणारे गिऱ्हाईक मात्र कोणत्याच खिडकीवर अडाणी ठरणार नाही.